'क्लोसर' : मृत्यूनंतरचे ऐकणे

इंग्रजीत एक शब्द असा आहे की तो लिहिताना एकच आणि उच्चारताना दोन. मधला वर्ण 'स' असा उच्चारला तर अर्थ होतो 'अधिक जवळ'. 'झ' असा उच्चारला तर 'मिटवणारा, शेवट करणारा'. रोमन लिपीत हा संदेह तसाच राहू शकतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला मात्र आधी निर्णय घ्यावा लागतो. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या रॉक बँडचा दुसरा आणि अखेरचा अल्बम १८ जुलै १९८० रोजी प्रसिद्ध झाला, त्याचे नाव हाच शब्द. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, १८ मे रोजी, बँडचा गायक आणि गीतकार इयन कर्टिस याने आत्महत्या केली होती. तो तेवीस वर्षांचा होता. हे ठाऊक असलेला माणूस त्या नावात नकळत 'झ' वाचतो. आम्ही 'क्लोसर' असे लिहिणार आहोत, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी साहित्याच्या चार-पाच विद्यार्थ्यांना हा अल्बम काहीही न सांगता ऐकवला होता. रॉक संगीताशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. पहिले गाणे संपल्यावर एक जण म्हणाला, एखाद्या रिकाम्या गोदामात कोणी यंत्र चालू ठेवून निघून गेल्यासारखे वाटते. दुसऱ्या गाण्याला, म्हणजे 'आयसोलेशन'ला, दोघांचे पाय ठेका धरू लागले. आणि त्यात चुकीचे काहीच नव्हते, कारण त्या गाण्याची चाल खरोखरच नाचण्याजोगी आहे. मग त्यांना गायकाच्या मृत्यूविषयी सांगितले आणि तेच गाणे पुन्हा लावले. या खेपेस सर्व जण माना खाली घालून बसले. कोणाचा पाय हलला नाही.

त्या दोन वेळच्या ऐकण्यांमध्ये अल्बममधला एक स्वरही बदललेला नव्हता. बदलली होती ती ऐकणाऱ्याची दिशा. दुसऱ्या वेळी ते गाणे पहिल्या मात्रेपासून पुढे ऐकले गेले नाही. १८ मेच्या पहाटेपासून मागे ऐकले गेले. साहित्याच्या विद्यार्थ्याला या सवयीचे दोष वेगळे सांगायला नकोत. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांचा लेखकहेतूविषयीचा निबंध १९४६चा, बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध १९६७चा. दोन्ही आपल्या अभ्यासक्रमांत आहेत, दोन्हींवर परीक्षेत टिपा येतात. लेखक मेला असे समजून वाचा, हे आपण तोंडपाठ म्हणतो. पण लेखक खरोखर मेला, आणि तोही तरुण वयात व स्वतःच्या हाताने, की हा सगळा अभ्यास आपण गुंडाळून ठेवतो. जाता जाता एक योगायोग नोंदवून ठेवतो. 'क्लोसर'चे ध्वनिमुद्रण मार्च १९८०च्या उत्तरार्धात लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत चालू होते, आणि त्याच दिवसांत, २६ मार्च रोजी, पॅरिसमध्ये रोलाँ बार्थ यांचे निधन झाले. या योगायोगाला काहीही अर्थ नाही. तो असल्यासारखा भासतो, एवढ्यासाठीच तो इथे दिला.

ही खोड केवळ पाश्चात्त्य चाहत्यांची आहे असे मानण्याचे कारण नाही. बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या उदास कवितांत मृत्यूची चाहूल शोधणारे किती लेखन मराठीत झाले आहे! त्यांच्या हिरव्या, आनंदाच्या कविता लिहिणाराही तोच माणूस होता, हे त्या वेळी सोयीस्करपणे विसरले जाते. आपण कवितेतून कवीचे मरण वाचत नाही. मरण आधी वाचतो आणि त्याला साक्षीदार म्हणून कवितेला बोलावतो.

तेव्हा आधी 'क्लोसर' ही वस्तू कशी घडली ते पाहू.

मँचेस्टर हे नाव मराठी वाचकाला कापडामुळे माहीत आहे. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो ते त्याच अर्थाने. परंतु १९७०च्या दशकातील मँचेस्टर हे ज्या गिरण्यांनी मोठे केले त्या गिरण्या बंद पडलेले शहर होते. मोकळे पडलेले मजले स्वस्तात भाड्याने मिळत, आणि अशाच एका जुन्या इमारतीत हा बँड सराव करी. ४ जून १९७६ रोजी तिथल्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते. त्यांत बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे दोन शाळकरी मित्र होते. पाहून आल्यावर हुकने लगोलग बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नसले तरी वाजवावे, हा पंकचा धडा त्यांनी अक्षरशः घेतला. पुढे कर्टिस आला, ड्रम्सवर स्टीफन मॉरिस आला. बँडचे पहिले नाव 'वॉर्सा' होते. डेव्हिड बोवीच्या १९७७च्या 'लो' या अल्बममधील एका संथ, जवळजवळ निःशब्द रचनेवरून ते घेतलेले. पंकच्या आरड्याओरड्यात जन्मलेल्या मुलांनी नाव मात्र अशा रचनेचे घ्यावे, यात त्यांचा पुढचा रस्ता दिसतो. कार्यक्रमापूर्वी ते ध्वनिक्षेपकांवरून क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचे 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' वाजवत असत. पंकने त्यांना राग दिला होता. त्या रागाचे करायचे काय, हे त्यांना यंत्रांचे संगीत करणाऱ्या जर्मनांकडून आणि बर्लिनमध्ये राहिलेल्या बोवीकडून कळले.

इथे समनरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. समनर शेजारच्या सॅल्फर्डमध्ये कामगारवस्तीत वाढला. वस्ती-सुधारणेच्या नावाखाली ती गल्ली, ती शेजारपाजारची घरे पाडण्यात आली, आणि त्याच्या कुटुंबाला बहुमजली इमारतीत राहायला जावे लागले. लहानपणीचे जग असे डोळ्यांदेखत नाहीसे झाल्याचे आणि घरातल्या आजारपणांचे दुःख आपण या संगीतात घातले, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. म्हणजे या अल्बमचा काळोख एकट्या कर्टिसच्या मनातून आलेला नाही. गिटार आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्या, शब्दांशी संबंध नसलेल्या माणसाने आपला काळोख वेगळा आणलेला होता. एका माणसाच्या मरणाने सगळे काळोख त्याच्या नावावर जमा झाले.

आणि चौघांखेरीज पाचवाही एक होता. निर्माता मार्टिन हॅनेट हा रसायनशास्त्राचा पदवीधर. पहिल्या अल्बमच्या, म्हणजे जून १९७९मध्ये आलेल्या 'अननोन प्लेझर्स'च्या वेळी त्याने मॉरिसला प्रत्येक ड्रम वेगवेगळा वाजवायला लावला, का तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये सांडू नये म्हणून. ड्रम्स वाजवणाऱ्याला हे किती जाचक असते याची कल्पना करावी: तबलजीला डग्गा आज आणि तबला उद्या वाजवायला सांगण्यासारखे ते आहे. पण त्यातून हॅनेटला हवी होती ती मोकळी जागा मिळाली. मँचेस्टरजवळच्याच बर्नली गावात तयार झालेले एक डिजिटल डिले यंत्र त्याच्यापाशी होते. मूळ आघातानंतर काही सहस्रांश सेकंदांनी त्याच आघाताची प्रतिकृती उमटवणे हे त्याचे काम. कानाला दोन आघात ऐकू येत नाहीत; एकच आघात ऐकू येतो, पण तो कुठल्या तरी खोलीत झाल्यासारखा. ती खोली प्रत्यक्षात नसतेच. 'वातावरणनिर्मिती' हा शब्द आपण समीक्षेत फार सैलपणे वापरतो; इथे ते वातावरण अक्षरशः मोजून केलेले आहे. समनर आणि हुक यांना हे त्या वेळी पसंत नव्हते. गिटार चढ्या आवाजात हवी, रंगमंचावर आम्ही वाजवतो तसे ऐकू यायला हवे, ही त्यांची तक्रार होती. आम्हांला वाटते, त्यांची तक्रार खरी होती आणि हॅनेटचा निर्णयही बरोबर होता.

हुकच्या बेसविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह होतो. रॉक संगीतात बेस खाली राहून आधार देते आणि गिटार वर राहून गाते, ही वहिवाट. सरावाच्या जागेत समनरचा ध्वनिवर्धक इतका जोरात असे की हुकला आपल्या खालच्या तारा ऐकूच येत नसत. म्हणून तो वरच्या तारांवर, उंच पट्टीत वाजवू लागला. कर्टिसला ते आवडले आणि त्याने तेच चालू ठेवायला सांगितले. अशा रीतीने अडचणीतून शैली निघाली: सुरावट बेसकडे गेली, गिटारला तुटक ओरखडे उरले, आणि मध्ये गाण्याची जी नेहमीची भरीव कूस असते ती पोकळ राहिली. कर्टिसचा खर्जातला आवाज त्या पोकळीत उभा राहतो. त्याचे सुरुवातीचे, १९७८चे ध्वनिमुद्रण ऐकले तर तिथे तो इतरांसारखाच ओरडतो. 'क्लोसर'मध्ये तो ओरडत नाही. दोन वर्षांत आवाज खाली आणणे, शब्दांना श्वासाच्या मापात बसवणे, ही शिकलेली गोष्ट आहे. वेदनेने ती आपोआप येत नसते. त्याच्या वह्या २०१४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, त्यांत खाडाखोड आहे, पुन्हा लिहिणे आहे. सरावाच्या वेळी इतर तिघे वाजवत असत आणि हा ऐकत असे. एखादा तुकडा कानाला लागला की तो पुन्हा वाजवायला सांगे आणि आपल्याजवळच्या कागदांतून त्याला जुळतील असे शब्द काढी. बँडचा पहिला संपादक तोच होता.

'क्लोसर'मध्ये नऊ गाणी आहेत. पहिल्या बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला चार, आणि ही वाटणी महत्त्वाची आहे. जे हा अल्बम सलग एका यादीसारखा ऐकतात त्यांना मधली कूस बदलण्याची शांतता मिळत नाही. पहिले गाणे 'अ‍ॅट्रॉसिटी एक्झिबिशन'. शीर्षक जे. जी. बॅलर्ड यांच्या १९७०च्या पुस्तकावरून घेतलेले. या गाण्यात हुक आणि समनर यांनी वाद्यांची अदलाबदल केली आहे, त्यामुळे गिटार अनोळखी हाताने खरवडल्यासारखी लागते, आणि खाली ड्रम्सचे एक वर्तुळ सुटका नसल्यासारखे फिरत राहते. गाण्याचा विषय काय? तर दुसऱ्याच्या यातना पाहायला आलेले प्रेक्षक, आणि दारात उभे राहून त्यांना आत बोलावणारा. वेड्यांच्या इस्पितळात तिकीट काढून जाणारे लोक, रिंगणातली हत्या पाहायला जमलेले लोक अशी चित्रे त्यात येतात. आता गंमत पाहा. गेली चार दशके या अल्बमचे श्रोते नेमके त्याच दारातून आत येत आहेत, आणि आपल्यालाच उद्देशून पहिले गाणे म्हटले गेले आहे हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

'आयसोलेशन'विषयी आधी लिहिले आहेच. 'पासओव्हर', 'कॉलनी' आणि 'अ मीन्स टू अ‍ॅन एंड' ही तीन गाणी आम्हांला तुलनेने कमी धरतात; त्यांतल्या शेवटच्या गाण्याचा ठेका डिस्कोच्या घरातला आहे, एवढे सांगून पुढे जातो. खरा अल्बम दुसऱ्या बाजूला आहे. 'हार्ट अँड सोल'मध्ये कर्टिसचा आवाज इतका मागे आणि इतका ओलसर ठेवला आहे की तो गात आहे की कोणी त्याचे गाणे भिंतीपलीकडून ऐकत आहे, असा प्रश्न पडावा. 'ट्वेंटी फोर अवर्स'मध्ये लय एकदा धावते, एकदा थांबते, पुन्हा धावते. मग 'द इटर्नल' येते, अंत्ययात्रेच्या चालीचे, पियानोच्या मोजक्या स्वरांचे. आणि शेवटी 'डिकेड्स', ज्यात सिंथेसायझरचे सूर एखाद्या जुन्या, झिजलेल्या वाद्यातून आल्यासारखे वाहतात. ते अकाली म्हातारे झालेल्या तरुणांविषयीचे गाणे आहे, आणि ते अनेकवचनात आहे हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. ज्या गाण्याला निरोपाचे गाणे समजले जाते त्यात 'मी' बाजूला सरून 'आम्ही' आलेला आहे.

'द इटर्नल'विषयी समनरने सांगितलेली हकीकत अशी. कर्टिसच्या लहानपणी मॅकल्सफील्डमध्ये त्याच्या शेजारी डाऊन सिंड्रोम असलेला एक मुलगा राहत असे. घर आणि बागेची भिंत यांच्या दरम्यानच त्या मुलाचे सारे जग होते. कर्टिस गाव सोडून गेला, काही वर्षांनी परतला, आणि तो मुलगा त्याला तिथेच, तसाच दिसला. त्यावरून ते गाणे. अंत्ययात्रा पाहणारा, कुंपणाआड उभा असलेला तो 'मी' कर्टिस नव्हता. कर्टिसने पाहिलेला कोणीतरी होता. पहिल्या अल्बममधील 'शीज लॉस्ट कंट्रोल'चेही असेच आहे. कर्टिस मॅकल्सफील्डच्या सेवायोजन कार्यालयात नोकरीला होता. अपंग व्यक्तींना काम मिळवून देण्याच्या विभागात. तिथे अपस्माराचा आजार असलेली एक तरुणी काम मागायला येत असे. एकाएकी ती येईनाशी झाली. तिला काम मिळाले असावे असे त्याला वाटले. नंतर कळले की झटक्यात तिचा मृत्यू झाला. कर्टिसला स्वतःला अपस्मार असल्याचे निदान जानेवारी १९७९मध्ये झाले, आणि त्यामुळे ते गाणे आता सर्रास त्याच्या स्वतःविषयीचे म्हणून ऐकले जाते. आम्हांला हे त्या अनाम मुलीवर अन्याय करणारे वाटते. ती एकदा मेली, आणि गाण्यातूनही तिला पुसून टाकले गेले. सरकारी टेबलापलीकडे बसून अर्ज घेणाऱ्या एका कारकुनाने समोरच्या माणसाकडे नीट पाहिले, हे त्या गाण्याचे मोठेपण आहे. आत्मचरित्र म्हणून ऐकले की नेमके तेच नाहीसे होते.

मुखपृष्ठाचे पाहू. त्यावर जेनोवाच्या स्तालियेनो दफनभूमीतील अप्पियानी कुटुंबाच्या समाधीचे कृष्णधवल छायाचित्र आहे: आडवे पडलेले शव, भोवती शोक करणाऱ्या आकृती. छायाचित्र बेर्नार प्येर वॉल्फ यांचे. पीटर सॅव्हिल या आरेखनकाराने ते बँडला दाखवले आणि कर्टिससह सर्वांनी पसंत केले, ते तो जिवंत असताना. मृत्यूची बातमी कळताच सॅव्हिल हादरला, कारण छापायच्या मुखपृष्ठावर थडगे होते. ते मागे घ्यावे काय हा प्रश्न उभा राहिला आणि शेवटी ते तसेच ठेवले गेले. ज्यांनी तो अल्बम दुकानात पाहिला त्यांना हे शोकचिन्ह वाटणे स्वाभाविकच होते. पण निवडताना ते सुंदर छायाचित्र होते. शोकचिन्ह ते नंतर झाले. तारखांचा एवढा क्रम जरी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ गोष्टी सरळ होतात.

बँडच्या नावाविषयी आमची नाराजी इथेच सांगून टाकतो. 'जॉय डिव्हिजन' हे नाव का-त्सेत्निक यांच्या 'हाउस ऑफ डॉल्स' या कादंबरीतून घेतले आहे. नाझी छळछावणीत स्त्रियांना ज्या विभागात सैनिकांच्या उपभोगासाठी ठेवले जाई, त्या विभागाचे कादंबरीतील ते नाव. १९७८च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर हिटलरच्या युवक संघटनेतील ढोलवादक मुलाचे चित्र होते. पंकच्या काळात धक्का देण्यासाठी असे करण्याची पद्धत होती, आपण पीडितांच्या बाजूने होतो, ही समर्थने पुढे दिली गेली. ती आम्हांला पुरेशी वाटत नाहीत. कलाकृती चांगली असली म्हणून तिच्या निर्मात्यांच्या वीस-बावीसाव्या वर्षीच्या उथळपणाला खोली येत नाही.

असो. आतापर्यंतचे आमचे म्हणणे ऐकून वाचकाला वाटेल की चरित्र बाजूला ठेवा आणि संहिता वाचा, हा जुनाच उपदेश आम्ही रॉक संगीताला लावून दाखवत आहोत. आम्हीही काही काळ याच समाधानात होतो. पण या अल्बमच्या जन्मकथेत एक गोष्ट अशी आहे की ती या समाधानाला तडा देते.

ध्वनिमुद्रण चालू असताना कर्टिसच्या जवळच्या बेल्जियन मैत्रीण आनिक ओनोरे तिथे होत्या. शब्द ऐकून त्यांना भीती वाटली. फॅक्टरी रेकॉर्ड्सचे टोनी विल्सन यांना त्यांनी बोलून दाखवले की हा जे गातो आहे ते तो मनापासून म्हणतो आहे. ही कला आहे, त्याचा अर्थ तसा घेऊ नये, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. २००७च्या 'जॉय डिव्हिजन' या माहितीपटात ही हकीकत आली आहे. पत्नी डेबोरा कर्टिस यांनी आपल्या १९९५च्या 'टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' या आठवणींत लिहिले आहे की पहिल्या अल्बममधील शब्द वाचून त्यांनी नवऱ्याला विचारले होते, हे केवळ गाण्याचे शब्द आहेत ना? तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, उठून घराबाहेर निघून गेला. हुक आणि समनर यांनी तर पुढे वारंवार कबूल केले आहे की त्यांनी शब्दांकडे लक्षच दिले नव्हते. आपापले वाद्य वाजवत होते, आणि इयन काहीतरी भारी गातो आहे एवढेच त्यांना कळत होते. ७ एप्रिल १९८० रोजी त्याने आत्महत्येचा पहिला प्रयत्न केला. दुसऱ्याच दिवशी बरी येथे कार्यक्रम ठरलेला होता, आणि त्याला तिथे आणले गेले.

म्हणजे स्थिती अशी दिसते. जे त्याच्याबरोबर एका खोलीत होते त्यांनी त्याच्या शब्दांकडे कला म्हणून पाहिले आणि माणूस त्यांच्या नजरेतून निसटला. आम्ही, ज्यांनी त्याला कधी पाहिले नाही, ते शब्द माणूस म्हणून वाचतो आणि कला आमच्या हातून निसटते. संहिता आणि संहिताकार वेगळे ठेवावेत, हे आपले तत्त्व विल्सन यांनी तंतोतंत पाळले होते. बार्थ यांच्या विद्यार्थ्याला त्यात एकही दोष काढता येणार नाही.

आमच्यापैकी जे शिकवतात त्यांच्या अंगावर हे येते. साहित्य शिकवणाऱ्याकडे मुले कविता घेऊन येतात. दर वर्षी दोन-तीन वह्या तरी अशा असतात की त्यांत काळोख, पाणी, उंची, मिटलेले दार यांखेरीज काही नसते. आपण काय करतो? तिसऱ्या कडव्यातली प्रतिमा चांगली आहे म्हणतो, यमक ओढून आणू नये म्हणतो, अमुक कवी वाचलास का असे विचारतो. आमच्यातल्या एकाने अशाच एका वहीवर लाल शाईने 'प्रतिमांवर उत्तम पकड' असा शेरा दिला होता. वहीची मालकीण पुढे बऱ्याच वर्षांनी भेटली, सुखरूप होती, संसारात होती. बोलता बोलता म्हणाली, सर, त्या वेळी मी वही दाखवायला आलेच नव्हते; तुम्ही काही विचाराल म्हणून आले होते. शेरा वाचून बरे वाटले आणि घरी जाऊन खूप रडले. यावर सरांना काही बोलता आले नाही.

तेव्हा तत्त्व म्हणून आमचे मत असे: संहितेला वेगळे ठेवण्याचा नियम मृत कवींसाठी चांगला आहे, जिवंत माणसांसाठी तो धोक्याचा आहे, आणि आपण व्यवहारात नेमके उलट करतो. जिवंत माणसाच्या कवितेत आपण केवळ कारागिरी पाहतो, कारण तसे पाहिले की काही करावे लागत नाही. मेलेल्या माणसाच्या कवितेत केवळ माणूस पाहतो, कारण आता काही करता येण्यासारखे उरलेले नसते. दोन्हीकडे सोय आपलीच. 'ट्वेंटी फोर अवर्स'चे शब्द हताश आहेत, 'आयसोलेशन'मध्ये पश्चात्ताप उघड आहे, हे आम्ही नाकारत नाही. मार्च १९८०मध्ये ब्रिटानिया रोच्या त्या खोलीत कोणीतरी वाद्य खाली ठेवून त्याला विचारायला हवे होते. परंतु तो क्षण आपला नाही. आज त्या शब्दांपुढे बसून आपण विचारपूस करत राहिलो तर ती विचारपूस नव्हे, पहिल्या गाण्यातल्या दारातून आत जाणे आहे.

या अल्बमचे पुढे जे झाले त्यातही हा गोंधळ दिसतो. आसपास त्याच वाटेने जाणारे इतर होतेच: पब्लिक इमेज लिमिटेडचा 'मेटल बॉक्स' १९७९च्या अखेरीस आला होता, द क्युअरचा 'सेव्हन्टीन सेकंड्स' एप्रिल १९८०मध्ये. यू-टूचे चार तरुण 'क्लोसर'चे काम चालू असताना हॅनेटला भेटायला ब्रिटानिया रोमध्ये येऊन गेले. पण ऐंशीच्या दशकात 'गॉथ' म्हणून जे काळे कपडे आणि पांढरे चेहरे आले, त्यांतल्या अनेकांनी या अल्बममधला फक्त शोक घेतला आणि मोकळी जागा सोडून दिली. आमच्या मते क्युअरच्या 'पोर्नोग्राफी'ला (१९८२) आणि त्याहून अधिक 'डिसइंटिग्रेशन'ला (१९८९) ती जागा कळली होती. न्यूयॉर्कच्या इंटरपोलने २००२मध्ये 'टर्न ऑन द ब्राइट लाइट्स' केला तेव्हा समीक्षकांनी जॉय डिव्हिजनचे नाव इतक्यांदा घेतले की त्या बिचाऱ्यांना स्वतःचे गाणे ऐकू आले असेल की नाही कोण जाणे.

उरलेल्या तिघांनी 'न्यू ऑर्डर' हे नवे नाव घेतले. (नाव निवडताना पुन्हा तीच खोड, असो.) त्यांचे पहिले गाणे 'सेरेमनी' १९८१च्या प्रारंभी आले. ते कर्टिस असतानाच रचलेले होते, पण त्याचे शब्द कुठे लिहून ठेवलेले नव्हते. होते ते केवळ काही खराब ध्वनिमुद्रण, ज्यात वाद्यांच्या गदारोळामागे त्याचा आवाज अस्पष्ट ऐकू येत होता. समनरला आता स्वतः गायचे होते. तेव्हा त्याने ती फीत ग्राफिक इक्वलायझर या यंत्रातून फिरवली, स्वतःच्याच गिटारचा आवाज शक्य तितका खाली दाबला, आणि एकेक शब्द लावण्याचा प्रयत्न केला. काही शब्द लागले. काही शेवटपर्यंत लागले नाहीत.